भाऊ जर्सीतून टेक्सासला चाललाय, कंपनी न्यूयॉर्कची, काम घरून. स्टेट टॅक्स खरंच वाचतो का?

मुलुंड_पूर्व_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतला आहे पण निस्तरायचं इथे मुलुंडला आहे म्हणून इथेच विचारते. इथले बरेच जण तिकडे राहून आलेत आणि काही जण तर रात्रपाळीत तिकडच्याच लोकांचे रिटर्न भरतात असं जुन्या चर्चांमध्ये वाचलं होतं.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहतो. कंपनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनची, पण काम पूर्ण घरून, महिन्यातून एखादा दिवस ऑफिसला गेला तर गेला. पगार दीड लाख डॉलर, लग्न व्हायचंय. आता तो डॅलसला शिफ्ट होतोय, तिथे त्याचे व्हीजेटीआयचे दोन मित्र आहेत, भाडं कमी पडतं आणि मुख्य म्हणजे टेक्सासला स्टेटचा इन्कम टॅक्स नाही. कंपनी तीच, मॅनेजर तोच, लॅपटॉपपण तोच. त्याचं म्हणणं, वर्षाला आठ-साडेआठ हजार डॉलर स्टेट टॅक्स कापला जातो तो आख्खा वाचणार.

आता इथली गोष्ट. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, आईबाबा सध्या भांडुपला भाड्याने राहतात. बिल्डर म्हणतो जास्तीचा एरिया हवा असेल तर आत्ताच सांगा, फुटाला २८ हजार. भावाने व्हिडिओ कॉलवर आईला सांगून टाकलं की ६० फूट घेऊन टाका, म्हणजे १६ लाख ८० हजार, डॉलर पंच्याऐंशीचा धरला तरी टॅक्सचे वर्षाला सात लाख वाचतात, अडीच वर्षांत फिटले. आईने त्याच कॉलवर तुळस बाल्कनीच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवायची तेपण ठरवलं. मी बँकेत कर्जाचे कागद बघते, त्यामुळे जे पैसे अजून आलेलेच नाहीत त्यांच्या भरवशावर कोणी सही करायला निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. कमिटीला शनिवारपर्यंत लिहून द्यायचंय. खरंच वाचतो का हो एवढा?

बिनधास्त_बंड्या

ताई डोळे झाकून सही करा. टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, वॉशिंग्टन इथे पगारावर स्टेट टॅक्स शून्य, हे जगजाहीर आहे. फक्त वर्षातले १८३ दिवस न्यूयॉर्कच्या बाहेर काढायचे की विषय संपला. माझ्या साडूचा मुलगा टॅम्पाला आहे, मजेत आहे.

ऐरोली_रात्रपाळी

ताई, सही करू नका अजून. बंड्याभाऊ, राग मानू नका पण १८३ दिवसांवाल्या या एका गैरसमजावर आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची पोटं भरतात.

मी ऐरोलीला नऊ वर्षं अमेरिकन रिटर्न करतोय, फेब्रुवारी ते १५ एप्रिल घरचे मला फक्त झोपलेला बघतात. त्यामुळे जे सांगतोय ते कुठे वाचून नाही, शेकडो वेळा हाताखालून गेलेलं आहे. तिकडे स्टेट टॅक्सला दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकात एक कालवतात. पहिला प्रश्न, माणूस कुठला रहिवासी. दुसरा प्रश्न, पगार कुठे कमावला. जिथला रहिवासी ते राज्य सगळ्या कमाईवर टॅक्स लावतं, आणि जिथे कमावला ते राज्य तेवढ्या कमाईवर लावतं मग तुम्ही राहायला कुठेही असा. १८३ दिवसांची भानगड पहिल्या प्रश्नातली. तुमचा भाऊ न्यूयॉर्कचा रहिवासी आजही नाहीये, तो जर्सीचा आहे, मग १८३ मोजून करायचंय काय. त्याचा प्रश्न दुसरा आहे.

आणि दुसऱ्या प्रश्नात न्यूयॉर्क आडमुठं आहे. बहुतेक राज्यं काय म्हणतात, त्या दिवशी तू जिथे बसून काम केलंस तिथे तो पगार कमावलास. न्यूयॉर्क म्हणतं तसं नाही, तुझं नेमलेलं ऑफिस आमच्याकडे आहे ना, मग तू तुझ्या सोयीने घरी बसलास तर तो दिवस आमच्याच खात्यात. मालकाची गरज म्हणून बाहेर काम केलं असेल, म्हणजे कंपनीनेच क्लायंटकडे पाठवलं वगैरे, तरच तो दिवस बाहेरचा. याला कन्व्हिनियन्स ऑफ द एम्प्लॉयर रूल म्हणतात, आमच्याकडे नुसतं कन्व्हिनियन्स. घर जर्सीत असो, डॅलसला असो की तुमच्या मुलुंडला. दिवाळीला आला असताना डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून काम केलं असेल तर तो दिवससुद्धा न्यूयॉर्कचा धरतात. सुट्टी टाकली असेल तर तो दिवस हिशोबातच नाही, ते वेगळं.

आता आकडे बघा म्हणजे कळेल. दीड लाख पगार, सिंगल, साधी वजावट, न्यूयॉर्कचा टॅक्स साधारण ८,४०० डॉलरच्या आसपास येतो. त्याच पगारावर जर्सीचा टॅक्स काढला तर साधारण ७,४००. दोन्ही भरावे लागत नाहीत कारण जर्सी म्हणते, बाबा तू त्याच पगारावर न्यूयॉर्कला भरलेस ना, मग तेवढं क्रेडिट घे. ७,४०० मधून क्रेडिट वजा, जर्सीला शून्य. म्हणजे जे आठ-साडेआठ हजार तो वाचणार म्हणतोय ते जर्सीचे नाहीतच, न्यूयॉर्कचे आहेत, आणि तो सोडून चाललाय जर्सी. ज्या वाण्याकडे उधारीच नव्हती त्याची वही फाडून काय मिळणार!

खात्री करायची असेल तर त्याच्याकडून मागच्या वर्षीचा डब्ल्यू-२ मागवा, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा कागद, आपल्या फॉर्म १६ सारखा. खाली १५, १६, १७ नंबरचे रकाने असतात, राज्य, त्या राज्याचा पगार, त्या राज्याचा कापलेला टॅक्स. १७ मध्ये कुठल्या राज्यासमोर आकडा आहे ते इथे टाका, बाकी नावगाव खोडून.

बिनधास्त_बंड्या

हे म्हणजे दादरच्या ऑफिसचा माणूस कणकवलीला घरी बसून काम करतोय तरी दादरच्या वाहतूक पोलिसाने दंड लावण्यासारखं आहे. कोविडमध्ये तर सगळेच घरी होते, तेव्हा कोणी कोर्टात नाही गेलं?

ऐरोली_रात्रपाळी

गेले की. कोविडमध्ये मॅसॅच्युसेट्सने तात्पुरता असाच नियम केला होता, घरी बसलेल्या न्यू हॅम्पशायरच्या लोकांकडूनही टॅक्स घेतला. न्यू हॅम्पशायर थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २०२१ मध्ये कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

आणि ताईंच्या भावाला तंतोतंत लागू पडणारी केस तर आणखी जुनी आहे. हकाबी म्हणून नॅशव्हिलचा एक प्रोग्रॅमर, नोकरी न्यूयॉर्कची, वर्षातले साधारण पाव दिवस न्यूयॉर्कला यायचा आणि बाकी सगळं काम टेनेसीत घरून. तो म्हणाला पाव पगारावर टॅक्स घ्या. न्यूयॉर्क म्हणालं आख्ख्यावर. २००५ साली तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टात चार विरुद्ध तीन असा निकाल लागला आणि हरला बिचारा. टेनेसीत पगारावर टॅक्स नाही, म्हणजे क्रेडिट द्यायलापण कोणी नाही. टेक्सासचंही तेच. त्याआधी २००३ ला कनेक्टिकटहून येणारा एक कायद्याचा प्राध्यापक याच नियमावर हरला होता, आता प्राध्यापकच हरला तर आपण काय बोलणार.

मुलुंड_पूर्व_ताई

मागवला डब्ल्यू-२. आधी म्हणाला तुला काय करायचाय, मग आईला सांगीन म्हटल्यावर फोटो पाठवला, तोपण तिरका, अर्ध्यावर कॉफीच्या मगची सावली. १५ मध्ये दोन ओळी आहेत, एनवाय आणि एनजे. १६ मध्ये दोन्हीकडे पगार तोच. १७ मध्ये एनवायसमोर ८,३०० आणि वर काहीतरी, एनजेसमोर शून्य.

म्हणजे तुम्ही म्हणता तसंच झालं ना? मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं तर तो पाच मिनिटं गप्प, मग म्हणतो असं कसं, माझा मित्र सनीव्हेलहून ऑस्टिनला गेला, कंपनी तीच कॅलिफोर्नियाची ठेवली, त्याचा तर चक्क वाचला, तो कशाला खोटं बोलेल.

खारघर_व्हाया_सनीव्हेल

मित्र खोटं बोलत नाहीये ताई. मी स्वतः २०१९ ला सनीव्हेल ते ऑस्टिन केलेलं आहे, आता खारघरला आहे, सेक्टर वीस, लोकांना वाटतं मी वेडा आहे पण ते जाऊदे.

कॅलिफोर्नियाचे रेट न्यूयॉर्कपेक्षा वर जातात, वरचा स्लॅब १२.३ टक्के आणि दहा लाख डॉलरच्या पुढे आणखी एक टक्का, पण हा घरी-बसल्यावरपण-आमचाच असा नियम तिथे नाही. तिथून खरंच उठून गेलात, घर सोडलं आणि काम टेक्सासमध्ये बसून केलं की त्या दिवसापासूनच्या पगारावर कॅलिफोर्नियाचा हक्क संपला, कंपनी कूपर्टिनोची असली तरी. म्हणून बे एरियातून गेलेले सगळे छाती फुगवून सांगतात आणि न्यू जर्सीवाले ऐकून ट्रक बुक करतात. हे सल्ले देणारे लोक आपण कुठून निघालो ते सांगतच नाहीत, फक्त कुठे पोचलो ते सांगतात.

पण एक शेपूट माझंपण राहिलं होतं. आरएसयू, म्हणजे कंपनी आज कबूल करते आणि पुढे काही काळाने हातात देते ते शेअर. कबूल झाले कॅलिफोर्नियात असताना, हातात पडले टेक्सासला गेल्यावर. मला वाटलं हातात टेक्सासमध्ये पडले म्हणजे सुटलो. तसं नाही, शेअर दिल्याच्या तारखेपासून हातात पडेपर्यंत जितके कामाचे दिवस झाले त्यातले कॅलिफोर्नियातले किती, त्या प्रमाणात टॅक्स तिकडे. दोन वर्षं मी ऑस्टिनला बसून कॅलिफोर्नियाचं नॉन-रेसिडेंट रिटर्न भरत होतो. ताईंच्या भावाला शेअर असतील तर न्यूयॉर्कचा हिशोबपण असाच चालतो, दिल्यापासून हातात पडेपर्यंतचे दिवस. त्यामुळे उद्या नोकरी बदलली तरी जुन्याचा वाटा मागे येतोच.

ठाणे_घंटाळी

मुख्य गोष्ट कोणी विचारलीच नाहीये. भाऊ व्हिसावर आहे की ग्रीनकार्ड? एच-१बी असेल तर टॅक्स राहू दे बाजूला, आधी हे वाचायला सांगा.

एच-१बीचा एलसीए नावाचा कागद असतो, त्यात कामाची जागा लिहिलेली असते. जर्सी सिटी आणि मॅनहॅटन एकाच महानगर क्षेत्रात धरतात म्हणून आतापर्यंत चाललं. डॅलस वेगळं क्षेत्र, तिथला पगाराचा दर वेगळा, म्हणून नवीन एलसीए आणि सुधारित अर्ज लागतो, आणि तो तिथे काम सुरू करायच्या आधी दाखल करावा लागतो. इमिग्रेशनच्या २०१५ च्या सिमियो नावाच्या निकालानंतर याबाबतीत शंकेला जागा नाही. नुसता ट्रक भरून गेला आणि एचआरला नंतर सांगितलं तर स्टेटस बिघडलं, मग साठ फूट आणि तुळस सगळंच विसरा.

मी शार्लटला गेलो तेव्हा वकिलाने दोन कागद पाठवले, एलसीएची नोटीस, म्हणे कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावा. कामाची जागा म्हणजे माझी बेडरूम. एक कागद फ्रीजवर लावला सिद्धिविनायकाच्या मॅग्नेटखाली, एक बाथरूमच्या दारावर. बायको दहा दिवस येता जाता माझा पगार वाचत होती.

मुलुंड_पूर्व_ताई

एच-१बीच आहे. आणि एचआरला अजून सांगितलेलं नाही असं आत्ता कबूल केलं. ट्रकचे पैसे मात्र भरून बसलाय.

गिरगावकर_काका

मी निवृत्त माणूस, अमेरिकेला एकदाच गेलोय, तेही सुनेच्या बाळंतपणाला. पण वाचून डोकं गरगरलं. आपल्याकडे हे बरंय म्हणायचं की. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात शेतीखेरीज उत्पन्नावरचा कर केंद्राच्या यादीत आहे, ८२ नंबरला, आणि शेतीच्या उत्पन्नावरचा राज्यांच्या यादीत. त्यामुळे माणूस मुंबईतून बंगळूरला गेला काय आणि इंदूरला गेला काय, इन्कम टॅक्स तोच. राज्याच्या हातात राहतो तो प्रोफेशनल टॅक्स, आणि त्याला घटनेनेच लगाम घातलाय, कलम २७६, वर्षाला २,५०० च्या वर नाही. पूर्वी हीच मर्यादा २५० होती, १९८८ ला वाढवली. आपल्या महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला, रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. आमच्या हापिसात तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती, पगारातून आणखी एक कापणी म्हणून. पण त्या पैशातून गावाकडे रस्ते, नालाबांध झाले, मला तरी कधी तो कर टोचला नाही.

आमचा नातू गुरगावच्या कंपनीत आहे, काम करतो गिरगावात बसून. त्याच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापला जात नाही कारण हरयाणात तो नाहीच. आता तो काम करतो महाराष्ट्रात, मग द्यायला हवा की नको, यावर आमच्याकडे जेवताना वाद होतात.

ऐरोली_रात्रपाळी

काका, नातवाचं नीट बघायला हवं कारण महाराष्ट्राचा कायदा राज्यात नोकरीधंदा करणाऱ्याला धरतो. पण २,५०० रुपयांचा वाद आणि ८,४०० डॉलरचा वाद यात फरक आहे, आपल्याकडे म्हणूनच कोणी कोर्टात जात नाही. बदलीने जास्त फरक पडतो तो एचआरएला, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या सवलतीला, जुन्या रिजीममध्ये असाल तर. मुंबईत बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत धरतात, कोल्हापूरला घर घेतलंत की ४० टक्के. माझ्या मेव्हण्याने गावी बसून मुंबईच्या भाड्याची पावती लावली होती, पुढचं सांगत नाही.

तिकडे प्रत्येक राज्याला स्वतःचा इन्कम टॅक्स लावायचा अधिकार आहे आणि म्हणूनच हा गोंधळ. विस्कॉन्सिनने १९११ ला सुरू केला, न्यूयॉर्कने १९१९ ला. टेक्सासने तर २०१९ ला मतदान घेऊन राज्यघटनेतच लिहून टाकलं की माणसांच्या उत्पन्नावर टॅक्स लावायचा नाही. राज्याराज्यांचे आपसात करारपण असतात, जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा आहे, एकीकडे राहून दुसरीकडे नोकरी केली तर पगारावर राहत्या राज्यालाच टॅक्स. जर्सी आणि न्यूयॉर्कचा नाही. असता तर ही चर्चा झालीच नसती. उलट २०२३ ला जर्सीनेपण न्यूयॉर्कवर चिडून तसाच नियम केला, तुम्ही आमच्या लोकांना धरता तर आम्हीही तुमच्या लोकांना धरतो. नळावरचं भांडण आहे सगळं.

मुलुंड_पूर्व_ताई

बरं आता खरा प्रश्न. त्याला डॅलसला जायचंच आहे, मित्रांसाठी, भाड्यासाठी. मग टॅक्स वाचवायचा काही सरळ रस्ता आहे की नाही? त्याच्या कंपनीचं डॅलसजवळ प्लानोला एक छोटं ऑफिस आहे म्हणे, पण त्याच्या टीमचं तिथे कोणी नाही.

ऐरोली_रात्रपाळी

हे आधी सांगायचं ना! रस्ता असला तर तोच आहे.

कंपनीने त्याची नेमणूक लेखी प्लानो ऑफिसला करायची. नुसता पत्ता बदलून नाही, नेमलेलं ऑफिस म्हणून प्लानो, आणि तो तिथे खरोखर जाऊन बसतो, कार्ड दाखवून दार उघडतो, त्याची नोंद आहे. मग तो न्यूयॉर्कच्या ऑफिसचा माणूसच राहत नाही. त्यानंतर मॅनहॅटनला मीटिंगला जाऊन काम केलं तर तेवढे दिवस न्यूयॉर्कचे, बाकी नाहीत. कॅलेंडर ठेवायला सांगा, विमानाची तिकिटं, कार्डाच्या नोंदी, सगळं. नेमणूक मॅनहॅटनला ठेवून तो अपार्टमेंटमध्ये बसणार असेल तर मात्र काही उपयोग नाही. राहतं घर हेच कंपनीचं खरं ऑफिस आहे असं सिद्ध करायची एक तरतूद आहे, २००६ पासून त्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत, पण त्या अशा आहेत की साध्या लॅपटॉपवाल्या माणसाला बसतच नाहीत. दुसरा रस्ता नोकरी बदलायची.

आणि जे करायचं नाही ते लक्ष देऊन ऐका. बरेच जण पोर्टलवर जाऊन पत्ता डॅलसचा करतात, पेरोलचं सॉफ्टवेअर बघतं टेक्सास, न्यूयॉर्कचं कापणं बंद. हातात पगार जास्त येतो, माणूस खुश. माझ्याकडे असाच एक आला होता, फ्लोरिडाला गेलेला, नेमणूक न्यूयॉर्कचीच. दोन वर्षं कापणं बंद, त्या पैशातून त्याने बोट घेतली होती, छोटी, मासे पकडायची. मग न्यूयॉर्कचं पत्र आलं की तुमचं रिटर्न दिसत नाही, कामाचे दिवस कुठे कुठे ते कंपनीच्या लेटरहेडवर द्या. टॅक्स, व्याज, दंड धरून जे झालं त्यात बोट गेली. रात्री दोन वाजता कॉलवर मला विचारत होता की बोटीचा तोटा कुठे दाखवता येईल का. आता याला मी काय सांगणार.

शिफ्ट होण्याच्या वर्षाचं रिटर्न असं लागेल: न्यूयॉर्कला आयटी-२०३, जर्सीला निघायच्या तारखेपर्यंतचं एनजे-१०४० आणि त्यात न्यूयॉर्कचं क्रेडिट, टेक्सासला काहीच नाही. जर्सी सोडली हे नीट दिसलं पाहिजे, लीज संपवलेली, लायसन्स टेक्सासचं, सामान हललेलं. सामानावरून आठवलं, माणूस कुठला रहिवासी हे ठरवायला न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांकडे एक यादीच असते, घर कुठे, कुटुंब कुठे, वेळ कुठे जातो, आणि जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत. न्यूयॉर्क सोडून डॅलसलाच गेलेल्या एका बड्या अधिकाऱ्याची केस २०१७ ला निकालात निघाली, न्यूयॉर्कचं घर त्याने ठेवलं होतं तरी जिंकला, आणि त्यात वजन कशाला आलं तर त्याने म्हातारा कुत्रा डॅलसला हलवला याला. कुत्रा गेला म्हणजे माणूस खरंच गेला.

मुलुंड_पूर्व_ताई

हाहा, त्याच्याकडे कुत्रा नाही, बाबांची हार्मोनियम आहे, ती जर्सीत मित्राकडे ठेवून चालला होता. आता नेतोय.

ठाणे_घंटाळी

प्लानो ऑफिस असेल तर सुधारित अर्जातपण कामाची जागा तीच टाकायला सांगा वकिलाला. नाहीतर इमिग्रेशनच्या कागदावर घर, कंपनीच्या पत्रात प्लानो आणि न्यूयॉर्कच्या हिशोबात मॅनहॅटन, तीन तीन जागी बसलेला माणूस होईल. आणि ट्रकची तारीख पुढे ढकला आधी.

मुलुंड_पूर्व_ताई

शुक्रवार रात्रीचा अपडेट देते. एचआरशी बोलला. वकील आधी नवीन एलसीए करणार, तोपर्यंत जर्सीतून हलायचं नाही, ट्रकची तारीख पुढे ढकलली, त्याचे थोडे पैसे गेले. प्लानोच्या नेमणुकीबद्दल मॅनेजर म्हणाला की बघतो, पण वरून मंजुरी लागेल आणि तिथे बदली दाखवली की पगाराचा बँड तिकडचा लागू शकतो. म्हणजे एका हाताने टॅक्स वाचणार आणि दुसऱ्या हाताने पगार कमी. तो आता वहीत मांडून बसलाय, पहिल्यांदाच. भाड्यात मात्र खरंच महिन्याला हजारभर डॉलर वाचतील असं दिसतंय, ते पैसे खरे आहेत असं मी त्याला म्हटलं, त्याच्यावर ठरव.

रात्रपाळीवाले दादा, तुमचे खूप आभार. मुलुंड स्टेशनला कधी उतरलात तर सांगा, वडापाव माझ्याकडून.

गिरगावकर_काका

आणि साठ फुटांचं काय झालं?

मुलुंड_पूर्व_ताई

३० लिहून दिले काका. ८ लाख ४० हजार, त्यातले निम्मे मी घालतेय. हॉल थोडा मोठा होईल, बाल्कनीचे सोडले. आईला अजून सांगितलेलं नाही, ती आज नर्सरीतून कुंडी घेऊन आलीये.